'उतरू नका' म्हणणाऱ्याला शिक्षा नको : विमान वाहतूक महासंचालकांना बेळगावहून खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली.

प्रत माहितीसाठी : सर्व विमान कंपन्यांचे संचालन विभाग, आणि बेळगावचे प्रवासी बंधू-भगिनी.

महोदय,

बेळगावात सध्या एका निवेदनावर सह्या गोळा होत आहेत. भर पावसात सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, न उतरता विमान गोव्याला नेलं, प्रवाशांचे अतोनात हाल झाले, सबब त्या विमानाच्या वैमानिकांवर कडक कारवाई व्हावी, अशी त्यात मागणी आहे. निवेदन आपल्याच कार्यालयाला पाठवायचं ठरलं आहे. कागद माझ्या घरीही आला होता. मी सही केली नाही. आणणारी मंडळी आमच्याच गल्लीतली, रोज उठून एकमेकांचं तोंड बघायचं. त्यांना दारात उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही ते इथे लिहितो. आपल्याला उद्देशून लिहितो, कारण त्या कागदावर काय करायचं ते आपण ठरवणार, आणि मला जे मागायचं आहे तेही आपल्याच हातात आहे.

मी महामंडळाच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर. बेळगाव-पणजी आणि बेळगाव-सावंतवाडी हे माझे मार्ग, म्हणजे चोर्ल्याचा घाट आणि आंबोलीचा घाट. माझी मुलगी एका विमान कंपनीत सहवैमानिक आहे. खानापूर तालुक्यातली वडिलोपार्जित जमीन विकली, उरलेल्या रकमेला बँकेचं कर्ज काढलं आणि तिला शिकवलं. तिचं नाव, कंपनीचं नाव, पुढे सांगतो ती घटना घडली त्या विमानतळाचं नाव मी लिहिणार नाही. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत आणि या पत्रापायी तिची नोकरी अडचणीत यावी अशी माझी इच्छा नाही. पत्र पाठवण्याआधी तिला वाचून दाखवलं आहे. दोन वाक्यं तिने काढायला लावली, ती काढली. बाकी सगळं तिच्या संमतीने आहे.

घटना अशी. पावसाळ्यातली रात्र, विमान उतरणीला लागलेलं. चालवत होते कॅप्टन. माझ्या मुलीचं काम लक्ष ठेवण्याचं : वेग, उंची, खाली येण्याचा दर यांवर नजर ठेवायची, ठरलेल्या उंचीवर ठरलेले शब्द मोठ्याने म्हणायचे, आणि काही चुकतंय असं वाटलं तर तसं सांगायचं. प्रत्येक विमानतळाला, उतरण्याच्या प्रत्येक पद्धतीला एक किमान उंची ठरलेली असते. त्या उंचीला आल्यावर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तरच पुढे जायचं, नाहीतर विमान न टेकवता परत वर घ्यायचं. याला गो-अराउंड म्हणतात. कॅप्टनना त्या उंचीवर दिवे दिसले. त्यांनी तसं सांगितलं, विमान पुढे गेलं. तेवढ्यात पावसाची मोठी सर आली आणि काचेपुढचं सगळं पुसलं गेलं. ती म्हणाली, "गो-अराउंड." कॅप्टन म्हणाले, "मला दिसतंय." तिला काहीच दिसत नव्हतं. ती पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्याने, "कॅप्टन, गो-अराउंड." त्यांनी इंजिनांचा जोर वाढवला, विमान वर घेतलं, आणि जवळच्या दुसऱ्या विमानतळावर सगळे सुखरूप उतरले.

त्या कॅप्टनबद्दल माझी काहीही तक्रार नाही. वयाने, अनुभवाने मोठा माणूस, समोर दिवे दिसल्याची खात्री असताना एका पोरीच्या दुसऱ्या हाकेला थांबला. त्यांच्यामुळे माझी लेक घरी आली, आणि मागे बसलेली सगळी माणसंही. त्यांची कधी गाठ पडली तर मी त्यांच्या पाया पडेन.

माझी तक्रार त्यानंतर जे झालं त्याबद्दल आहे. चार दिवसांनी मुलीला ऑफिसात बोलावलं. दुसरीकडे उतरल्यामुळे किती इंधन गेलं, प्रवाशांच्या सोयीवर किती खर्च झाला, विमान अडकल्यामुळे दुसऱ्या दिवशी कोणती उड्डाणं रद्द करावी लागली, हे सगळं तिला वाचून दाखवलं. कॅप्टनना दिसत असताना तू आवाज का चढवलास, असं विचारलं. मग एक पत्र दिलं. त्याचं नाव समुपदेशनाचं पत्र, पण ते कायमचं फाईलला लागलं. पुढे तिची उड्डाणं कमी झाली. सहवैमानिकाची बरीच कमाई उड्डाणाच्या तासांवर असते, आणि कॅप्टनपदाच्या लायसन्सला १,५०० तास भरावे लागतात. तास कापले की आजचा हप्ताही अडतो आणि पुढची बढतीही लांबते. तिने कारण विचारलं. 'रोस्टरची अडचण' एवढंच उत्तर मिळालं.

महोदय, नियम काय सांगतो हे मी शिकवावं अशी माझी पात्रता नाही. पण आपल्याच देशातले अपघातांचे अहवाल सर्वांसाठी खुले आहेत. त्यांत काय आहे ते मुलीने मला बसून समजावलं, आणि ते ऐकल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही.

२२ मे २०१०. दुबईहून आलेलं विमान मंगळूरला, आमच्याच कर्नाटकात, धावपट्टीच्या पुढे दरीत गेलं. १६६ जण होते, १५८ गेले, ८ वाचले. त्या सकाळी धुकं नव्हतं, नजर लांब पोचत होती. विमान ठरल्यापेक्षा फार उंचावरून, फार वेगाने आलं आणि ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर सुमारे ५,२०० फूट गेल्यावर टेकलं. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी न्यायालयाने जे नोंदवलं ते असं : सहवैमानिकाने विमान वर घ्यायला तीनदा सांगितलं होतं. कॅप्टन प्रवासाचा बराच वेळ झोपेत होते. सहवैमानिकाच्या सांगण्यावरून विमान वर घेतलं गेलं नाही, आणि त्याने स्वतःही ते हातात घेतलं नाही.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२०ला, केरळातलं कोळिकोड. मुसळधार पाऊस. पहिल्या प्रयत्नात वैमानिकांनी विमान योग्य रीतीने वर घेतलं. दुसऱ्या प्रयत्नात मागून वारा असताना, कॅप्टनच्या बाजूचा वायपर धड चालत नसताना, ते खाली आणलं. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर निम्मी पट्टी संपल्यावर ते टेकलं. त्याआधी सहवैमानिकाने गो-अराउंड सांगितलं होतं. २१ माणसं गेली, त्यांत दोघेही वैमानिक. कॅप्टन दीपक साठे हवाई दलातले नावाजलेले अधिकारी, नागपूरच्या मराठी घरातले. त्यांच्या कर्तबगारीबद्दल कुणालाही शंका नाही, मला तर नाहीच. पण चौकशी अहवालाने साफ लिहिलं आहे की सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटल्यावर विमान वर घेणं बंधनकारक होतं, आणि कॅप्टनने ते घेतलं नाही तेव्हा सहवैमानिकाने सूत्रं हातात घ्यायला हवी होती. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती माझ्यासारख्या नोकरदार माणसाला लगेच कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहून निघणारं उड्डाण त्याच कॅप्टनच्या नावावर होतं आणि तिथे कॅप्टनांची संख्या अपुरी होती. दुसरीकडे उतरलं असतं तर सकाळचं उड्डाण बिघडलं असतं. उद्याच्या ड्युटीची टांगती तलवार घेऊन गाडी चालवणं म्हणजे काय, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे.

दोन्ही वेळेस 'नको' हा शब्द कॉकपिटमध्ये उच्चारला गेला होता. अपघात झाल्यावर आपण म्हणतो, सहवैमानिकाने आणखी ठामपणे सांगायला हवं होतं, विमान ओढून घ्यायला हवं होतं. आणि इथे एका सहवैमानिकाने ठामपणे सांगितलं, विमान वर गेलं, कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही, तर तिच्या फाईलला पत्र लागलं. मग पुढच्या सहवैमानिकाने यातून काय शिकायचं? तो शब्द तोंडातून निघायला एक सेकंद उशीर होईल, दोन होतील. उतरणारं मोठं विमान सेकंदाला साधारण ७० मीटर पुढे जातं. २०० फुटांवर असताना जमीन पंधरा-सोळा सेकंदांवर असते. त्यात विचार करायला, आपली नोकरी, आपले हप्ते, कॅप्टनांचा राग हे सगळं आठवायला वेळ कुठून आणायचा?

हे जगाला नवं नाही. १९७७ साली स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली. तिथेही समोरची पट्टी मोकळी आहे का अशी शंका फ्लाईट इंजिनिअरने बोलून दाखवली होती आणि कंपनीच्या सगळ्यांत ज्येष्ठ कॅप्टनांपैकी एकाने ती बाजूला सारली. त्यानंतर कॉकपिटमधल्या धाकट्याने बोलावं कसं आणि थोरल्याने ऐकावं कसं याचं प्रशिक्षण जगभर सुरू झालं. माझ्या मुलीनेही ते घेतलं आहे, दरवर्षी घेते. वर्गात शाबासकी आणि ऑफिसात ताकीद, असं दोन्ही एकाच कंपनीत मिळत असेल तर त्या वर्गाचा उपयोग काय?

घाटात बस चालवणाऱ्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. कणकुंबीच्या पुढे ढग रस्त्यावर उतरले, समोरून ट्रक अडला आणि वळणावर गाडी मागे घ्यायची वेळ आली, की कंडक्टर खाली उतरून मागे उभा राहतो. आरशात पांढऱ्या धुराशिवाय काही नसतं. मग सगळा भरवसा त्याच्या हातावर. पत्र्यावर थाप पडली की पाय ब्रेकवर जातो. थाप का मारली, मागे दरी होती की नुसता दगड, हे नंतर खाली उतरून विचारायचं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोरं कंडक्टर म्हणून यायची. त्यांची थाप कधी कधी उगाचही असायची, मागे दहा फूट जागा असायची. तरी एकाही चांगल्या ड्रायव्हरने त्यावरून पोराला झापलेलं मी पाहिलं नाही. एकदा झापलं की पुढच्या वेळी तो हात उचलायला कचरेल, आणि ती वेळ खरी असेल.

आता बेळगावकरांशी थोडं बोलतो, महोदय, आपणही ऐकावं.

आपला राग मला समजतो. सांबऱ्याचं विमानतळ १९४२ सालचं, ब्रिटिश हवाई दलाने बांधलेलं, पण नवं टर्मिनल मिळायला २०१७ उजाडलं. धावपट्टी वाढवून घेतली, लहान शहरांच्या विमानसेवेला सरकारी मदत देणाऱ्या उडान योजनेत नाव यावं म्हणून झगडलो. योजनेची मदत तीन वर्षांची, ती संपली की विमानं कशी कमी होतात तेही पाहिलं. हुबळीला काय मिळालं आणि आपल्याला काय नाही, याचा हिशेब आपल्या मनात सतत चालू असतो. म्हणून एखादं विमान डोक्यावर घिरट्या घालून निघून गेलं की वाटतं, यांना बेळगावला यायचंच नाही. पण हा राग दिल्लीला आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांना दाखवा. कॉकपिटमधल्या दोघांवर तो काढू नका.

निवेदनात एक प्रश्न आहे : दिल्लीत दाट धुक्यातही विमानं उतरतात, मग बेळगावात पावसात का नाही? त्याचं उत्तर असं. दिल्लीत ५० मीटर दिसलं तरी उतरता येईल अशी यंत्रणा जमिनीवर बसवलेली आहे. तशीच यंत्रणा त्या विमानात लागते, आणि दोघाही वैमानिकांचं त्यासाठी वेगळं प्रशिक्षण झालेलं लागतं. तिन्हींपैकी एक नसलं तरी चालत नाही. लहान गावांना येणाऱ्या एटीआर नावाच्या पंख्याच्या छोट्या विमानांत इतक्या कमी दृश्यमानतेत उतरायची सोयच नसते. मार्गदर्शन करणारी साधी आयएलएस यंत्रणा असेल तर साधारण २०० फुटांपर्यंत खाली येऊन बघता येतं आणि ५५० मीटर तरी दिसावं लागतं. ती यंत्रणा ज्या टोकाला नाही, तिथे याहून बरंच वरच थांबावं लागतं. सांबरा समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, पश्चिमेला सह्याद्री. आषाढात आपल्याकडे ढग किती खाली उतरतात ते मुतग्याच्या, बाळेकुंद्रीच्या शेतकऱ्याला विचारा. त्या ढगातून खाली येताना किमान उंचीला पट्टी दिसली नाही, तर परत जाणं हेच वैमानिकाचं काम आहे. गोव्याला किंवा हुबळीला जाता येईल एवढं इंधन आणि वर राखीव साठा घेऊनच विमान निघालेलं असतं. ते इंधन वापरलं म्हणून कुणाला जाब कसा विचारायचा?

हाल झाले ते मात्र खरे, आणि ते कुठे झाले तेही मी नीट चौकशी करून समजून घेतलं. गोव्यात उतरल्यावर प्रवाशांना दीड-दोन तास कुणी काही सांगितलं नाही. मग रात्री एक भाड्याची बस आणून सगळ्यांना त्यात बसवलं आणि चोर्ल्याच्या घाटातून बेळगावला पाठवलं. त्याच रात्री, त्याच पावसात. ज्या ढगामुळे विमान उतरलं नाही, त्याच ढगातून ही बस वर चढली. तिचा ड्रायव्हर दिवसभर काय करत होता, तो किती झोपला होता, हे कुणी विचारलं नाही. माझ्या गल्लीतल्या एका बाई सांगत होत्या, कणकुंबी येईपर्यंत पुढच्या सीटवरचा एक प्रवासी ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून त्याच्याशी बोलत राहिला होता. वैमानिकांनी जो धोका टाळला, तो कंपनीने घाटात प्रवाशांच्या माथी मारला. निवेदन द्यायचं तर याबद्दल द्या. त्यावर मी पहिली सही करीन.

आणि एक दबाव आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा मोठी माणसं खास विमानांनी, हेलिकॉप्टरांनी येतात. 'साहेबांची सभा आहे, पोचायलाच हवं' हे वाक्य तिथे कुणी ना कुणी म्हणत असणारच. २०१० साली रशियात स्मोलेन्स्कला धुक्यात उतरताना पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांसह ९६ जण गेले. त्याच्या आदल्या वर्षी खराब हवामानात आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर पडलं. खाजगी विमानाचा वैमानिक मोठ्या साहेबांना 'नको' म्हणू शकतो का, याची काळजी आपल्या कार्यालयाने कंपन्यांच्या वैमानिकांइतकीच करायला हवी.

विश्रांतीचंही तेच. थकलेला माणूस नियम विसरत नाही, पण वाद घालायची ताकद त्याच्यात उरत नाही. समोरचा 'मला दिसतंय' म्हणाला की तो गप्प बसतो. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करणारे नवे नियम आपणच आणलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पण डिसेंबर २०२५मध्ये एका मोठ्या कंपनीने पुरेशी तयारी केली नाही, हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि त्या गोंधळात रात्रीच्या ड्युटीच्या नियमांतून तिला तात्पुरती सूट दिली गेली. तयारी न करणाऱ्याला सूट आणि बोलणाऱ्याला पत्र, हे एका वैमानिकाच्या बापाला कसं सहन व्हावं?

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत.

दोघांपैकी कुणीही गो-अराउंड म्हटलं की विमान वर गेलंच पाहिजे, हे प्रत्येक कंपनीच्या नियमपुस्तकात एकाच भाषेत असावं, आणि त्यापुढे आणखी एक ओळ असावी : असं म्हणणाऱ्याकडून स्पष्टीकरण, समुपदेशन किंवा खर्चाचा हिशेब मागितला जाणार नाही. गो-अराउंड केल्याबद्दल शिक्षा नाही असं सगळ्याच कंपन्या म्हणतात. शिक्षा वेगळ्या नावाने होते, ती आपण पकडावी. त्यासाठी गो-अराउंडनंतरच्या तीन महिन्यांत त्या दोन्ही वैमानिकांना किती उड्डाणं मिळाली, त्यांच्या फाईलला काय लागलं, याचा तपशील कंपन्यांनी आपल्याकडे पाठवावा आणि आपल्या अधिकाऱ्यांनी तो तपासावा. प्रत्येक विमानाची नोंद यंत्रात असते. गो-अराउंड सांगूनही जे विमान उतरवलं गेलं, ते सुखरूप उतरलेलं असलं तरी, चौकशी त्याची व्हावी.

सहवैमानिकाला कंपनीबाहेर तक्रार करता आली पाहिजे, आणि ती खरोखर गुप्त राहिली पाहिजे. कॉकपिटमध्ये माणसं दोनच. एकाने लिहिलं की दुसऱ्याला कळतंच. म्हणून अशा तक्रारी महिनोन्महिने साठवून, तारीख आणि मार्ग काढून, मगच कंपनीकडे जाव्यात.

सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये, कॅप्टन ऐकत नाही असा प्रसंग मुद्दाम घडवून सहवैमानिकाला विमान हातात घ्यायला लावावं, आणि हा भाग परीक्षेचा असावा, नुसता सरावाचा नको. कॅप्टनांची परीक्षा उलट बाजूने घ्यावी : धाकट्याने चुकून गो-अराउंड म्हटलं तर ते वर घेतात का आणि नंतर त्याच्याशी कसं बोलतात.

विश्रांतीच्या नियमांतून कुणालाही, कितीही दिवसांची सूट देऊ नये. खास विमानं आणि हेलिकॉप्टरं चालवणाऱ्यांना वरचे सगळे नियम लागू करावेत.

सांबरा विमानतळासाठी वेगळी मागणी. धावपट्टीच्या कोणत्या टोकाला कोणती यंत्रणा आहे, उतरण्यासाठी किती दृश्यमानता लागते आणि आत्ता किती आहे, हे टर्मिनलमध्ये मराठी, कन्नड आणि इंग्रजीत फलकावर दाखवावं. लोकांना कारण कळलं की निम्मा राग तिथेच शांत होईल. विमान वळवलं तर कंपनीने प्रवाशांना अर्ध्या तासात पुढची व्यवस्था सांगावी. आणि जून ते सप्टेंबर, रात्री, चोर्ल्याच्या घाटातून एकाही प्रवाशाला बसने पाठवू नये. राहायची सोय करावी, सकाळी उजेडात आणावं. हा घाट रात्रीच्या पावसात कसा असतो ते आपल्या एखाद्या अधिकाऱ्याला बघायचं असेल तर मी बरोबर यायला तयार आहे.

शेवटचं, त्या निवेदनाबद्दल. ते आपल्याकडे येईल तेव्हा त्यातली वैमानिकांवरच्या कारवाईची मागणी आपण फेटाळावी आणि का फेटाळली ते बेळगावच्या लोकांना लेखी कळवावं. त्या विमानाच्या दोन्ही वैमानिकांना ती प्रत पाठवावी. माझ्या मुलीच्या फाईलमधलं पत्र काढून टाकायचं आपल्या एकट्याच्या हातात नसेलही, पण अशी पत्रं देता येणार नाहीत असा आदेश काढणं नक्कीच आपल्या हातात आहे. तो पुढच्या पावसाळ्याआधी निघावा, एवढी विनंती.

आपला नम्र,
एका सहवैमानिक मुलीचा बाप,
शहापूर, बेळगाव